बुजवलेला खड्डा पुन्हा तिथेच का पडतो?

जुलैच्या भर पावसात साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना एक ओळखीचे दृश्य दिसते. ट्रॉलीतून खडी-डांबराचा माल उतरतो, पाणी साचलेल्या खड्ड्यात टाकला जातो, फावड्याच्या पाठीने थोपटला जातो आणि काम संपते. आठवड्याभरात खड्डा पुन्हा उघडा पडला की ‘पावसाने डांबर धुऊन नेले’ असे सगळेच म्हणू लागतात. डांबर पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हे म्हणणे शब्दशः खरे नाही. (रस्त्यावरचे हल्लीचे डांबर दगडी कोळशाचे नसून खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मागे उरणारे बिटुमेन असते, बोलण्यात मात्र जुनाच शब्द टिकून आहे.)

पाणी खडी आणि डांबर यांच्या मधे शिरते. दगडाच्या पृष्ठभागावरील सिलिकेटमधले ऑक्सिजनचे गट पाण्याच्या ध्रुवीय (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण भार असलेल्या) रेणूंना जोराने ओढून घेतात. डांबर बहुतांशी हायड्रोकार्बनचे असल्याने त्याची दगडावरची पकड त्या मानाने दुबळी असते. खडी कोरडी आणि तापलेली असताना डांबर तिच्यावर व्यवस्थित पसरते, परंतु पाणी एकदा तिथवर पोहोचले की दगडाला डांबराऐवजी पाण्याचा स्पर्श असण्यात एकूण पृष्ठऊर्जा (दोन पदार्थांच्या सीमेवर साठलेली ऊर्जा) कमी होते, म्हणून डांबराचा पापुद्रा कडेकडेने आपोआप सुटत जातो. त्यातच ट्रकचे चाक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ ते ८ किलो दाबाने फटीतले पाणी आत रेटते आणि पुढे सरकताच ते परत ओढते. हा पंप दिवसभर चालू राहतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट (काळा दगड) या बाबतीत तसा चांगलाच म्हणायचा, कारण पाण्याला ओढणारी सिलिका त्यात निम्म्याच्या आसपास असते, तर ग्रॅनाइटमध्ये सुमारे ७० टक्के. आपल्याकडे दगडाला दोष देण्यास फारशी जागा नाही. क्रशरची धूळ अंगावर असलेल्या खडीत मात्र डांबर दगडाला न चिकटता धुळीलाच चिकटते.

याहून मोठा घात तापमानाचा आहे. गरम माल सुमारे १४० अंश सेल्सिअसला पसरून ९० अंशांच्या वर असतानाच दाबून व्हावा लागतो, नाहीतर त्यातल्या पोकळ्या मिटत नाहीत आणि त्या ८ टक्क्यांच्या वर गेल्या की एकमेकींना जोडल्या जाऊन पाण्याला वाट मिळते. आता खड्ड्यात एक लिटर पाणी शिल्लक आहे असे समजा. त्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते, तेवढी गमावल्यास सुमारे ५० किलो माल १४० वरून ९० अंशांवर येतो. म्हणजे रोलर आणण्याआधीच, आणि तो बहुधा आणलेलाच नसतो, माल दाबण्याजोगा राहत नाही.

म्हणूनच खड्ड्याच्या कडा पक्क्या भागापर्यंत उभ्या कापणे, तळ झाडून कोरडा करणे, डांबराच्या इमल्शनचा (पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेल्या डांबराचा) हात देणे आणि थराथराने दाबणे असा क्रम ठरलेला आहे. घाटातल्या एखाद्या वळणावर गाड्या सारख्या आदळतात म्हणून लोक तिथे नारळ फोडतात, लिंबू-मिरची टाकतात. त्यांनी डोंगराच्या बाजूचे तुंबलेले गटार एकदा वाकून पाहावे. त्याचे पाणी रस्त्याखाली मुरत असेल, तर वरून कितीही चांगले पॅच मारले तरी खालचा मुरूम मऊच राहणार.

डांबराची पकड तपासण्यासाठी भारतीय मानकात एक साधी चाचणी आहे. डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून किती भाग उघडा पडला ते नुसत्या डोळ्यांनी ठरवतात, आणि तो ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा अशी अपेक्षा असते. पकड कमी भरल्यास मालात सुमारे २ टक्के विरवलेला चुना मिसळतात. त्यातले कॅल्शियम डांबरातल्या आम्लांशी पाण्यात न विरघळणारे क्षार तयार करते. चाचणीच्या काचपात्रात मात्र स्वच्छ, कोरडी खडी जाते. रस्त्याकडेला पावसात भिजलेल्या ढिगातली नव्हे.