फोम लावू की दार बदलू? आवाज शोषणं आणि आवाज अडवणं यातला फरक

‘साऊंडप्रूफ’ म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे दाराला चिकटवायचा खाचांचा फोम, दुसरी म्हणजे भरीव, जड दार आणि त्याच्या कडेचं रबर. फोम आवाज शोषतो, दार आवाज अडवतं. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू आहे आणि पलीकडे बाळ झोपलंय, तर गरज असते अडवण्याची. खपतो मात्र फोम, कारण तो स्वस्त असतो आणि सुताराला बोलवावं लागत नाही.

घोळ होतो तो आकड्यांमुळे. फोमवर ‘एनआरसी ०.८’ (एनआरसी म्हणजे आवाज शोषण्याचा आकडा) छापलेलं दिसलं की ८० टक्के आवाज थांबेल असं वाटतं. पण फोमवर पडलेल्या आवाजापैकी किती परत त्याच खोलीत उलटत नाही, एवढंच तो आकडा सांगतो. आरपार गेलेला आवाजही त्यात ‘शोषला’ म्हणूनच धरला जातो. या हिशेबात उघड्या खिडकीचं शोषण १, म्हणजे पूर्ण! पलीकडे किती पोचतो ते एसटीसी या दुसऱ्या आकड्यावरून कळतं: तो जितका जास्त, तितका आवाज जास्त अडतो. पोकळ फ्लश दाराचा एसटीसी २०च्या आसपास, भरीव दाराचा, कडा नीट बंद असतील तर, २७ ते ३०. फोमला वजनच नसतं, त्यामुळे तो चिकटवून हा आकडा जवळपास हलत नाही. आवाज थांबावा म्हणून लोक चिकटवतात त्या अंड्यांच्या ट्रेंबद्दल तर बोलायलाच नको.

फोमचा उपयोग आहे, पण घुमणाऱ्या खोलीत. तिथलं एकूण शोषण दुप्पट केलं तर आवाज ३ डेसिबलने उतरतो. स्वयंपाकघरात मात्र तो नकोच: तेलकट होतो, आणि साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भराभर पेटतो.

अडवण्यासाठी वजन लागतं. दर चौरस मीटरला वजन दुप्पट केलं तर ५-६ डेसिबलचा फरक पडतो. २१०० × ९०० मिमीचं, ३५ मिमी जाडीचं भरीव फ्लश दार साधारण ३५ ते ४० किलो भरतं. दुकानात आयएस २२०२ या भारतीय मानकाची खूण बघा. पोकळ दारांचं मानक आयएस २१९१ आहे. जुन्या तीन बिजागऱ्यांवर एवढं वजन टाकलं की दार खाली बसतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते, म्हणून चार बिजागऱ्या लावा.

फट हीच खरी गोम. त्याच दाराखाली १० मिमी मोकळी जागा ठेवली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का होते. तेवढ्याने दार कितीही भारी असलं तरी एकूण अडवणूक साधारण २३ डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून खर्चाआधी तपासा: रात्री पलीकडचा दिवा लावून इकडे अंधार करा. जिथून उजेड येतो, तिथूनच आवाज येतो.

मग क्रमाने कामाला लागा. चौकट आणि भिंत यांच्यातली भेग अॅक्रिलिक सीलंटने भरा. चौकटीच्या तिन्ही बाजूंना ईपीडीएम रबराची पट्टी लावा आणि दार बंद करताना मध्ये कागद धरा. तो सहज ओढून निघाला तर रबर दबत नाहीये. उलट पट्टी जास्त जाड झाली की लॅच लागत नाही, मग घरातले दार नुसतं लोटून ठेवतात आणि सगळं मुसळ केरात. अशा वेळी चौकटीवरची लॅचची धातूची पट्टी थोडी सरकवून घ्या. खाली उंबरठा नसेल तर ड्रॉप सील बसवा. दार लागताना त्याचं रबर आपोआप फरशीवर टेकतं. फरशी उंचसखल असेल तर मात्र ते एका बाजूला अधांतरी राहतं.

वॉशिंग मशीनचं प्रकरण निराळं. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिनला मूळ हादरा २० हर्ट्झचा असतो आणि तो फरशीतून प्रवास करतो. एसटीसीची मोजणीच १२५ हर्ट्झपासून सुरू होते. तिथे दारावर पैसे घालण्याआधी मशीनचे चारही पाय स्पिरिट लेव्हल ठेवून समतल करा, आणि मशीन नवीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते बघा.

एक दार कधीही सील करू नका: ज्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, तिथलं. आतला ऑक्सिजन कमी होऊन कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.