समाजकार्य पदवीस्तरावरील संशोधन मार्गदर्शन

समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमातील (बीएसडब्ल्यू) लघुसंशोधनासाठी अध्यापकाने विषयनिश्चितीपासून तोंडी परीक्षेपर्यंत केलेले मार्गदर्शन. भारतात या व्यवसायाचे शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

विद्यार्थी बहुधा ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’ असे काहीतरी घेऊन येतो. ते ‘अमुक वस्तीतील घरकामगार महिलांनी बचतगटाचे कर्ज कशावर खर्च केले’ इथवर उतरवायला दोन-तीन बैठका जातात. कोण, कुठे, कोणत्या काळात आणि नेमके काय, हे एका वाक्यात मावेपर्यंत मुलाखत अनुसूची, म्हणजे समोर बसून विचारायची आणि उत्तरे भरायची प्रश्नावली, लिहू देऊ नये.

अनुसूची आधी चार-पाच जणांवर वापरून पाहावी. ‘पती व्यसनी आहेत का?’ याला वस्तीत नकार मिळतो. ‘घरात कुणी पितं का?’ याला बोलणे सुरू होते. ‘रेशन आणि पेन्शन वेळेवर मिळते का?’ हे एकात कोंबलेले दोन प्रश्न आहेत; ते वेगवेगळे विचारावेत.

खरी अडचण क्षेत्रकार्यातून येते. ज्या संस्थेत विद्यार्थी आठवडाभर कार्यकर्ता म्हणून वावरतो, तिथलेच लाभार्थी उत्तरदाते केले, तर नाही म्हटल्यास मदत थांबेल या भीतीने ते होकार देतात. अशा वेळी दुसरी वस्ती घ्यावी किंवा मुलाखती सहाध्यायाकडे सोपवाव्यात. बालकांच्या बाबतीत पालकाची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही हवेत. मुलाखतीत बालकावरील लैंगिक अत्याचार उघड झाला, तर गोपनीयतेचे वचन पुढे करता येत नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ नुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. म्हणून ही मर्यादा संमती घेतानाच सांगायची असते.

पहिल्या पाच अनुसूची भरल्या त्याच दिवशी मार्गदर्शकाने वाचाव्यात. घरी बसून भरलेल्या अनुसूचींत ‘सांगता येत नाही’ हे उत्तर जवळपास नसते आणि सगळ्यांची वये पाचाच्या पटीत येतात. यामागे लबाडीपेक्षा वेळापत्रक असते: नाक्यावरचा मजूर संध्याकाळी सातनंतर भेटतो, आणि विद्यार्थ्याची शेवटची एसटी तेव्हाच सुटते. रविवार राखून ठेवला की हे बरेच टळते.

तीस उत्तरदात्यांत एक माणूस म्हणजे ३.३३ टक्के. तेव्हा ‘६६.६७ टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘३० पैकी २०’ लिहिणे प्रामाणिक ठरते. प्रत्येक सारणीखाली तीच आकडेवारी वाक्यांत उतरवण्याची रूढी मात्र अजून सुटलेली नाही.