बालेवाडीची पेनल्टी आणि क्रमवारीचं गणित

फिलिपीन्सचा महिला फुटबॉल संघ पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला तो पुण्यात. तारीख ३० जानेवारी २०२२, जागा बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. आशियाई चषकाची उपांत्यपूर्व फेरी होती आणि समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवानचा संघ. सामना १-१ असा सुटला, मग पेनल्टी शूटआउट झालं. निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डेननं मारली आणि फिलिपिनी मुली धावत एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. बाजूच्या हायवेवरून गाड्या नेहमीसारख्या हिंजवडीकडे पळत असणार. मी स्वतः कोथरूडमध्ये बसून दुसऱ्या दिवशी ही बातमी वाचली. आपल्या गावात एवढं घडलं आणि आपल्याला पत्ता नाही, याची जरा लाजच वाटली.

त्या दिवशी जागतिक क्रमवारीत तैपेई फिलिपीन्सच्या चांगलीच वर होती. शिवाय १९७७ पासून सलग तीन आशियाई विजेतेपदं तिच्या नावावर. मग ही क्रमवारी नेमकं काय मोजते?

ते समजायला पुण्यात फार लांब जावं लागत नाही. कुठल्याही बुद्धिबळाच्या क्लासबाहेर स्कूटर लावून थांबलेल्या आईबाबांना विचारा. आपल्या लेकाचं रेटिंग किती, गेल्या स्पर्धेत किती गुण गेले, वरच्या रेटिंगवाल्याला बरोबरीत रोखलं की किती मिळतात, सगळं तोंडपाठ असतं. ही पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकांची. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. फिफानं २००३ मध्ये महिला संघांची क्रमवारी सुरू केली तेव्हा बुद्धिबळातलं हेच सूत्र उचललं आणि त्यात फुटबॉलपुरते बदल केले.

मूळ कल्पना साधी आहे. सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतला फरक बघायचा आणि त्यावरून कुणाकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवायचं. फरक १०० गुणांचा असेल तर वरच्या संघाची अपेक्षा ६४ टक्के. बुद्धिबळातही हा आकडा ६४च आहे. अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी केली की गुण वाढतात, कमी केली की घटतात. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हिशेबापुरते १०० गुण जास्त धरतात, म्हणजे यजमानांकडून अपेक्षाही जास्त. सामना किती मोलाचा यावरून गुणक ठरतो: साध्या मैत्रीपूर्ण सामन्याला १५, खंडीय स्पर्धेच्या पात्रता फेरीला ३०, त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीला ४५, विश्वचषक आणि ऑलिंपिकला ६०.

खरी गंमत गोलांच्या हिशेबात आहे. बुद्धिबळात जिंकलं की एक, हरलं की शून्य. इथे ०-१ हरणाऱ्यालाही शंभरातले १५ मिळतात आणि जिंकणाऱ्याला ८५. ०-३ हरलात तर तुमच्या वाट्याला चारच. उदाहरण घेऊ. तटस्थ मैदानावर १५०० गुणांचा संघ १७०० गुणांच्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना खेळतोय. धाकट्याकडून अपेक्षा २४ टक्क्यांची. तो १-० जिंकला तर ८५ वजा २४ म्हणजे ६१ टक्के, त्याला १५ नं गुणलं की नऊ गुणांची कमाई. ०-१ हरला तर जेमतेम सव्वा-दीड गुण जातो, ०-३ हरला तर तीन. आणि ३०० गुणांनी वर असलेला बलाढ्य संघ दुबळ्याला कसाबसा १-० हरवतो तेव्हा त्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही, कारण अपेक्षाच ८५ टक्क्यांची होती. म्हणून चार गोल झाल्यावरही मोठे संघ पाचव्यासाठी का धावतात, असा प्रश्न पडला तर त्याचं थोडं उत्तर इथे सापडेल.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तेव्हा वेगळाच घोळ होता. गुणांची सरासरी काढायची पद्धत अशी की मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही सरासरी खाली येऊ शकायची. पोलंडनं असे सामने टाळून २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीत अव्वल मानांकित संघांमध्ये जागा मिळवली. त्याच वर्षी फिफानं पुरुषांसाठीही एलो पद्धत आणली, म्हणजे महिलांच्या पंधरा वर्षांनंतर. गोलफरक आणि घरचं मैदान मात्र त्यातही धरलेलं नाही. महिला फुटबॉलला सगळं पुरुषांनंतर मिळालं, असं म्हणायची सवय आहे. हा त्यातला अपवाद.

बाकी सगळं मात्र खरोखरच उशिरा मिळालं, आणि ते कुणी आळस केला म्हणून नव्हे. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज हा प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ खेळला, तेव्हा आत ५३ हजार माणसं होती. पुढच्याच डिसेंबरात इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी पन्नास वर्षांच्या आसपास टिकली. पश्चिम जर्मनीत ती १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकमानं. तोच ब्राझील २०२७ च्या महिला विश्वचषकाचा यजमान आहे.

फिफाची वाट न बघता लोकांनी आधीच विश्वचषक भरवून टाकले होते. १९७० मध्ये इटलीत, १९७१ मध्ये मेक्सिकोत. मेक्सिकोत गोलपोस्ट गुलाबी रंगवले होते. आयोजकांची बायकांविषयीची समज तेवढीच. पण अंतिम सामन्याला अझ्टेका स्टेडियमवर सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक जमले. डेन्मार्कनं यजमानांना ३-० हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनचे. फिफाच्या लेखी हे विश्वचषक नव्हेतच. क्रमवारीचा हिशेब मात्र त्याच वर्षापासून सुरू होतो, एप्रिल १९७१ च्या फ्रान्स-नेदरलँड्स सामन्यापासून.

१९८८ मध्ये फिफानं चीनमध्ये निमंत्रितांची स्पर्धा घेऊन चाचपणी केली आणि १९९१ मध्ये तिथेच पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरवली. बारा संघ आणि सामने नव्वद नव्हे, ऐंशी मिनिटांचे. ‘विश्वचषक’ हे नाव द्यायलाही तेव्हा हात आखडला. स्पर्धेच्या नावात चॉकलेटच्या गोळ्यांचा ब्रँड होता. अमेरिकेनं नॉर्वेला २-१ हरवलं. पुढे संघ सोळा, चोवीस, २०२३ ला बत्तीस असे वाढत गेले. क्रमवारीतलं पहिलं स्थान मात्र २०२३ पर्यंत अमेरिका आणि जर्मनी या दोघांनीच आलटून पालटून वापरलं. मग स्वीडन आलं, त्यापाठोपाठ स्पेन.

आता भारत. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली आणि पाच वर्षांत भारताच्या मुली आशियाच्या अंतिम सामन्यात होत्या. जानेवारी १९८०, कोळिकोड, समोर हीच तैपेई, ०-२ हरलो. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेते. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला, फुटबॉलमधला महिलांचा पहिला. नंतर सामनेच आटत गेले. अठरा महिने आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही की क्रमवारीतून नाव निघायचं, आणि २००९ च्या सुमारास भारताचं निघालं. आपण हरलो म्हणून नव्हे, मैदानातच उतरलो नाही म्हणून. २०१० पासून दक्षिण आशियाई स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या पाचही वेळा भारतच जिंकला. पण ही जेतेपदं शेजाऱ्यांविरुद्धची आहेत, आणि आपल्यापेक्षा बऱ्याच खालच्या संघांना हरवून किती गुण हाती लागतात ते वर आलंच आहे.

२०२२ चा आशियाई चषक आपल्याच राज्यात होता: अंधेरी, नवी मुंबई, बालेवाडी. भारतानं इराणशी ०-० बरोबरी केली. २३ जानेवारीला तैपेईशी खेळायचं होतं, पण करोना संघात असा पसरला की नियमानं लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करणंही जमेना. संघ स्पर्धेतून बाद, इराणविरुद्धची बरोबरीही रद्दबातल. घरच्या स्पर्धेत भारताच्या नावावर एकही सामना उरला नाही. फिलिपीन्सनं मात्र बालेवाडीतून विश्वचषक गाठला आणि २०२३ ला वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. गोल पुन्हा सरिना बोल्डेनचाच.

५ जुलै २०२५ ला थायलंडच्या चिआंग माईत भारताचा पात्रता सामना होता. भारत ७०व्या क्रमांकावर, थायलंड ४६व्या, आणि घरचं मैदान थायलंडचं. संगीता बासफोरनं दोन गोल केले, भारत २-१ जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात पोचला. त्या सामन्याचा गुणक ३० होता. २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य स्पर्धेसाठी तो ४५.