स्विचबोर्डमागचा बोर्ड: घर-ऑटोमेशनच्या सर्किटची पार्श्वभूमी

स्विचबोर्डमागे बसवायचा ऑटोमेशनचा बोर्ड हातात घेतला की आधी नजरेत भरते ती मधली फट. दीड-दोन मिलीमीटर रुंद, बोर्ड आरपार कापून काढलेली, रिलेंच्या (कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पायांपाशी वळसा घेत गेलेली. फटीच्या एका अंगाला २३० व्होल्ट: फ्यूज, रिलेचे संपर्क, पंख्याचे कपॅसिटर, स्क्रू टर्मिनल. दुसऱ्या अंगाला ३.३ व्होल्टवर चालणारं वायफाय मॉड्यूल. ही विजेची हद्द आहे, तशी काळाचीही. कमी व्होल्टची बाजू गेल्या दहा-बारा वर्षांत घडली. २३० ची बाजू मात्र आजोबांच्या काळातले प्रश्न घेऊनच बोर्डावर येते. नवशिक्याचं सगळं लक्ष वायफायकडे असतं आणि बोर्ड बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने दगा देतो.

तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या फळीवरचं नको तेवढं तांबं विरघळवायचं आणि उरलेल्या पट्ट्यांकडून वायरींचं काम करून घ्यायचं, ही पद्धत रुळवली मूळचे व्हिएन्नाचे इंजिनिअर पॉल आइस्लर यांनी. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी अशा बोर्डावर रेडिओ उभा केला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. घर आपोआप चालवण्याची कल्पना बाजारात यायला मात्र सत्तरचं दशक उजाडलं. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत तयार केली. हा त्यांचा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव; आधीचे बरेचसे कॅल्क्युलेटरच्या चिपचे होते. वेगळी वायर न ओढता घरातल्या विजेच्या तारेवरूनच निरोप पाठवायचा, ही त्यातली गंमत. एसी विजेची लाट शून्यातून जाते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा झटका दिला तर १, नाही दिला तर ०. सोळा घर-अक्षरं गुणिले सोळा क्रमांक, म्हणजे २५६ पत्ते. दोष असा की निरोप पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळतच नसे. घरात टीव्ही आणि संगणकांचे स्विचिंग सप्लाय वाढले, तसा त्यांच्या फिल्टरांनी हा अशक्त १२० किलोहर्ट्झ गिळायला सुरुवात केली.

आपल्याकडे याच विषयाची ओळख झाली ती डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून. ८०५१ कुळातला ८९सी५१ हा मायक्रोकंट्रोलर, एचटी१२ई-एचटी१२डी ही एन्कोडर-डिकोडरची जोडी, किंवा एमटी८८७० हा डीटीएमएफ (फोनच्या बटणांचे सूर) ओळखणारा डिकोडर: मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलला फोन लावायचा, १ दाबला की बल्ब पेटायचा. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत. बोर्ड घरीच: गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट, इस्त्रीने टोनर तांब्यावर, मग फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात हलवत बसायचं. बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर. परीक्षकांसमोर हे चालून जायचं. भिंतीत टिकलं नसतं, कारण स्वस्तातली फेनॉलिक शीट ओल शोषते. पावसाळ्यात २३० व्होल्टच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक गळती सुरू होते, पृष्ठभाग जळून कार्बनची रेघ तयार होते आणि मग तीच रेघ वाहक बनते. मेन्सच्या (घरच्या २३० व्होल्टच्या) बोर्डाला काचतंतूंचा एफआर-४ घेतात त्याचं हेही एक कारण.

खरी उलथापालथ २०१४ ची. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप ईएसपी-०१ नावाच्या नखाएवढ्या मॉड्यूलवर बाजारात आली. किंमत पाच डॉलरच्या आत, माहितीपत्रक फक्त चिनी भाषेत. तोवर मायक्रोकंट्रोलरला वायफाय जोडायचं म्हणजे कंट्रोलरपेक्षा कितीतरी महाग जोडबोर्ड लावावा लागे. त्याच वर्षी एस्प्रेसिफने एसडीके (प्रोग्रॅम लिहिण्याचा साधनसंच) खुला केला, पुढच्या वर्षी आर्डुइनो या हौशींच्या सोप्या सॉफ्टवेअरमधून ती चिप प्रोग्रॅम करता येऊ लागली, आणि २०१६ मध्ये तिची पुढची पिढी ईएसपी३२ आली. इटेड कंपनीच्या सोनॉफ या वायफाय स्विचमध्येही ईएसपी८२६६ हीच चिप निघाल्यावर नेदरलँड्सच्या थिओ आरेन्ड्स यांनी तिच्यासाठी टास्मोटा हे सॉफ्टवेअर लिहिलं. थिओ, आरेन्ड्स, सोनॉफ, एमक्यूटीटी, ओटीए (वायरीशिवाय प्रोग्रॅम भरणं), यांची आद्याक्षरं जुळवली की ते नाव होतं. त्यातलं एमक्यूटीटी, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना निरोप धाडण्याचा नियमसंच, १९९९ चं, तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवलेलं. आज ते बाथरूमचा दिवा लावतं.

आराखडा काढण्याचं साधनही याच सुमारास हाताशी आलं. किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर ग्रनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्यात भर घातली आणि ते गंभीर कामाचं झालं. त्यातून निघणाऱ्या गर्बर फाइल (बोर्डाच्या प्रत्येक थराचा नकाशा) चीनमधल्या कारखान्याला पाठवायच्या. १०० बाय १०० मिलीमीटरच्या आतले पाच बोर्ड दोन डॉलरना, असे दर तिथे रूढ झाले. वाहतूक आणि कस्टम्स धरल्यावर हिशेब बदलतो, ते सोडा. फट मात्र बोर्डाच्या कडांच्या थरातच काढायची. ती छपाईच्या थरात काढली गेली तर कारखाना इमानेइतबारे तिथे पांढरी रेघ छापून देतो.

एवढी फट कशासाठी? मेन्स आणि माणसाचा हात लागू शकेल अशी बाजू यांच्यात बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर ६ ते ८ मिलीमीटर ठेवतात. सगळीकडे मिळणाऱ्या निळ्या पाच व्होल्टी रिलेत हे जमत नाही, कारण त्याचा कॉमन पाय (संपर्काचा, मेन्सच्या बाजूचा) कॉइलच्या दोन पायांच्या मधोमध येतो. पॅडची (पाय सोल्डर होतो त्या जागेची) तांब्याची कड धरली तर अंतर जेमतेम चार मिलीमीटर उरतं. म्हणून कॉमनच्या पायाभोवती इंग्रजी यू आकाराची फट कापून गळतीला लांबचा वळसा घ्यायला लावायचा. १ मिलीमीटरपेक्षा अरुंद फट हिशेबात धरत नाहीत. धूळ-ओलीने ती भरते.

पट्ट्यांची रुंदीही हिशेबानेच ठरते. ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं आणि २० अंशांची तापमानवाढ धरली तर ६ अँपिअरला साधारण २.४ मिलीमीटर, १० ला ४.७ आणि १६ ला ९ मिलीमीटर रुंदी लागते. शेवटचा आकडा पाहून गिझर या बोर्डावर घेण्याचा विचार सोडून द्यावा. त्याला कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा रिले) लावावा आणि बोर्डाने फक्त त्याची कॉइल चालवावी.

चार दिवे आणि एक पंखा, हा आपल्या खोलीचा नेहमीचा हिशेब, आणि यातच सर्वाधिक बोर्ड फसतात. रिलेची कॉइल ७० ओहम, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७१ मिलिअँपिअर. दिव्यांचे चार आणि पंख्याच्या तिसऱ्या वेगाचे दोन असे सहा रिले ओढलेले असताना ४२८ मिलिअँपिअर जातात. वायफायने पाठवण्याच्या क्षणी ईएसपी३२ आणखी अडीचशेच्या आसपास मागते, आणि पाच व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ हा रेषीय रेग्युलेटर असल्याने तेवढाच प्रवाह पाच व्होल्टच्या बाजूने निघतो. एकूण पावणेसातशे. बहुतेक आराखड्यांत दिसणाऱ्या हाय-लिंकच्या पीएम०१ या २३० व्होल्टचे पाच करणाऱ्या मॉड्यूलची क्षमता ६००. मग एकेक दिवा लावून पाहताना सगळं ठीक असतं आणि घरात पाहुणे आले, सगळे दिवे लागले की बोर्ड रीस्टार्ट होतो. पाच वॉटचं मॉड्यूल घ्या, शिवाय ईएसपीच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ठेवा. याच जागी दुसरी गफलत यूएलएन२००३ या रिले चालवणाऱ्या चिपची. तिच्या आत डार्लिंग्टन (एकापाठी एक जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरच्या) जोड्या असल्याने सुमारे एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. रिलेला चार व्होल्ट उरतात, ओढायला ३.७५ लागतात. सप्लाय जरा वाकला की रिले टिकटिकायला लागतो. पाच व्होल्टच्या रिलेला एओ३४०० सारखा मॉसफेट ट्रान्झिस्टर बरा.

लोडशेडिंगच्या गावात आणखी एक परीक्षा असते. वीज परत आली की ईएसपी८२६६ चे बरेचसे पाय प्रोग्रॅम सुरू होण्याआधी क्षणभर वर (३.३ व्होल्टला) जातात आणि रिले आपोआप कडाडतात. त्यांतले जीपीआयओ (संकेत देण्या-घेण्याचे पाय) ४ आणि ५ एवढेच शांत. जीपीआयओ ० खाली ओढलेला राहिला तर चिप प्रोग्रॅम घेण्याच्या अवस्थेत अडकते. ईएसपी३२ वर पायांची चंगळ आहे, पण तिथे १२ नंबर टाळा. सुरू होताना तो वर असला तर फ्लॅश मेमरीचा व्होल्टेज चुकीचा निवडला जातो. ३४ ते ३९ हे फक्त इनपुट, त्यांना अंतर्गत पुल-अप (पाय वर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही.

भिंतीवरचं बटण चालूच राहिलं पाहिजे, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह रास्त आहे. त्यासाठी बटणाच्या वायरीवर मेन्स तशीच ठेवून पीसी८१७ या ऑप्टोकपलरने (उजेडातून संकेत पलीकडे नेणाऱ्या भागाने) ती ओळखायची. समोर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीत, म्हणजे प्रवाह सुमारे १.१५ मिलिअँपिअर. दोन कशाला? पाव वॉटचा एक रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच पेलतो आणि लाटेचं शिखर ३२५ वर असतं. ऑप्टोच्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड लावायला विसरलात तर तो एलईडी उलट्या अर्ध्या लाटेत मरतो, कारण त्याची सहनशक्ती सहा व्होल्ट. आउटपुट दर २० मिलिसेकंदांनी धडधडत राहतं, तेव्हा प्रोग्रॅममध्ये ५० मिलिसेकंदांची गाळणी हवी.

रिलेच्या संपर्कावरची ठिणगी मारायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर यांची जोडी लावणं हे जुन्या चोक-ट्यूबलाइटच्या काळातलं शहाणपण. एलईडी बल्बला ते बाधतं. रिले बंद असतानाही त्या कपॅसिटरमधून ७ मिलिअँपिअर झिरपतात आणि बल्ब रात्रभर मिणमिणतो. ‘बोर्डात भूत आहे’ अशी जी तक्रार येते ती बहुधा हीच. दिव्यांच्या रिलेवरून ती जोडी काढून टाका, पंख्याच्या रिलेला राहू द्या.

पंखा हा या बोर्डाचा अस्सल देशी भाग. ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचने लाट कापून वेग कमी केला तर मोटर गुणगुणते, म्हणून पायरीपायरीचे रेग्युलेटर कपॅसिटरवर आले आणि बोर्डानेही तीच रीत उचलली. २.२ मायक्रोफॅरॅडने पहिला वेग, ३.३ ने दुसरा, दोन्ही मिळून ५.५ ने तिसरा, आणि तिसऱ्या रिलेने सरळ फेज दिली की चौथा. गोम अशी की भरलेला कपॅसिटर रिकाम्याशी जोडला गेला की क्षणात प्रचंड प्रवाह उसळतो आणि रिलेचे संपर्क वितळून चिकटतात. मग पंखा बंदच होत नाही. प्रत्येक कपॅसिटरच्या ओळीत २.२ ओहम आणि समांतर २२० किलोओहम द्या. वेग बदलताना तिन्ही रिले सोडून दोन सेकंद थांबा, तेवढ्यात ३.३ चा कपॅसिटर जवळजवळ रिकामा होतो. कपॅसिटरवर एसी व्होल्टेज छापलेलं हवं. ४०० व्होल्ट डीसीवाला मेन्सवर फार दिवस टिकत नाही. आणि फिल्म कपॅसिटर झिजतो: काही वर्षांनी पंखा एकवर फिरेनासा झाला तर प्रोग्रॅम तपासत बसू नका, आधी मीटर लावून २.२ चे किती उरलेत ते मोजा.

शेवटी डबा. भिंतीतला पत्र्याचा डबा अर्थिंगला चांगला आणि वायफायला वाईट. अँटेना बोर्डाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पुढच्या प्लेटकडे तोंड करून ठेवायची. तिच्या भोवती १५ मिलीमीटर तांबं नको. प्रोग्रॅम भरताना मेन्स पूर्ण काढलेली असावी, यूएसबी केबल लॅपटॉपला असताना तर नक्कीच.

आता बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचे) पंखे आले आहेत. त्यांच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यांना कपॅसिटर चालत नाही. सरळ फेज द्यायची आणि वेग इन्फ्रारेड रिमोटच्या संकेताने बदलायचा. म्हणून नव्या आराखड्यात कपॅसिटर आणि त्यांच्या दोन रिलेंच्या जागा राखाव्यात, शेजारी इन्फ्रारेड एलईडीसाठी दोन पॅड सोडावेत, आणि भाग कोणते लावायचे ते छताकडे पाहून ठरवावं.