जोझे फोंते (फुटबॉलपटू)

जोझे फोंते हा पोर्तुगालचा सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू. जन्म २२ डिसेंबर १९८३, पोर्तोजवळच्या पेनाफिएल गावचा. २०१६ मध्ये पोर्तुगालने युरो कप जिंकला तेव्हा फायनलला डिफेन्समध्ये तो उभा होता, आणि २०२१ मध्ये लीलने फ्रान्सची लीग जिंकली तेव्हा त्या टीमचा कॅप्टनही तोच. पोर्तुगालचा डिफेन्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना पेपे आठवतो, फार तर रिकार्डो कार्वाल्यो, फोंतेचं नाव फारसं कोणी काढत नाही. खरं तर बचावपटूचं करियर कसं हळूहळू मुरत जातं हे बघायचं असेल तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. त्याला सगळंच उशिरा मिळालं, २६ व्या वर्षी तो इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, देशाची पहिली कॅप, म्हणजे देशाकडून पहिली मॅच, तिशीत मिळाली आणि लीगचं टायटल ३७ व्या वर्षी.

सुरुवात स्पोर्टिंग लिस्बनच्या अकॅडमीतून झाली, पण मेन टीमपर्यंत काही तो पोचला नाही. मग फेल्गेरास, मग व्हितोरिया सेतुबाल. तिथे बरा खेळला म्हणून २००६ मध्ये बेनफिकाने त्याला घेतलं, आणि एवढा मोठा क्लब मिळूनही तो त्यांच्यासाठी एकही ऑफिशियल मॅच खेळला नाही, आधी पासोस दे फेरेरा, मग एस्त्रेला दा अमादोरा असा लोनवरच (म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना) फिरत राहिला. २००७ मध्ये तसाच लोनवर इंग्लंडला क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि पुढच्या वर्षी तिथे कायमचा झाला. पॅलेस तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. थंडी, पाऊस, आठवड्यात दोन-दोन मॅच, आणि प्रत्येक मॅचला डोक्यावर येणारे उंच बॉल. पोर्तुगालमध्ये शिकलेल्या डिफेंडरला हे सगळं वेगळं होतं, पण तो टिकला आणि हेडर, मार्किंग, अंगावर येणाऱ्या स्ट्रायकरला झेलणं हे त्याचं सगळं इथेच पक्कं झालं.

जानेवारी २०१० मध्ये साउदॅम्प्टनने त्याला साधारण १२ लाख पौंडांना घेतलं. हा निर्णय तेव्हा बऱ्याच जणांना कळला नसेल, कारण साउदॅम्प्टन लीग वनमध्ये, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं, म्हणजे फोंते एक पायरी खाली उतरत होता, आणि क्लब नुकताच दिवाळखोरीतून बाहेर आल्यामुळे त्यांनी सीझन १० पॉइंटच्या दंडानिशी सुरू केला होता. पण मार्कुस लीबहेर हा नवा मालक आला होता, पैसा होता, आणि टीममध्ये रिकी लॅम्बर्ट, अॅडम लालाना, मॉर्गन श्नायडरलॅन असे लोक होते. त्याच मार्चमध्ये वेम्ब्लीवर कार्लाइलला ४-१ ने हरवून त्यांनी फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. २०११ मध्ये एक प्रमोशन (वरच्या डिव्हिजनमध्ये बढती), २०१२ मध्ये लगेच दुसरं, आणि फोंते प्रीमियर लीगमध्ये पोचला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये फुलहॅमविरुद्ध त्याने दोन गोल मारले, त्यातला दुसरा अगदी शेवटी, आणि मॅच २-२ सुटली.

२०१४ च्या उन्हाळ्यात मॅनेजर पोचेटिनो गेला, लालाना, लॅम्बर्ट आणि लोव्हरेन लिव्हरपूलला गेले, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, चेंबर्स आर्सेनलला, आणि सगळे म्हणत होते आता साउदॅम्प्टन खाली जाणार. नवीन मॅनेजर रोनाल्ड कुमानच्या त्या टीमचा कॅप्टन फोंते झाला, आणि त्या सीझनमध्ये ३८ मॅचमध्ये फक्त ३३ गोल खाऊन टीम सातवी आली, त्याच्या पुढच्या वर्षी तर सहावी. या सगळ्यात त्याचे जोडीदार बघा, आधी लोव्हरेन, मग आल्डरवायरेल्ड, मग व्हॅन डाइक. नावं त्यांची मोठी झाली आणि ट्रान्सफरचा पैसाही त्यांच्यावरच लागला, पण शेजारी उभं राहून लाइन सांभाळणारा, सतत बोलत राहणारा माणूस दरवेळी एकच होता. फोंते कधीच फार वेगवान नव्हता, त्यामुळे तो धावण्यापेक्षा जागेवर भर द्यायचा, बॉल कुठे पडणार हे आधी ओळखून तिथे दोन पावलं आधीच सरकलेला असायचा. टीव्हीवर हायलाइट्समध्ये हे दिसत नाही, कारण जो धोका झालाच नाही त्याची क्लिप कोण काढणार.

देशाकडून पहिली मॅच १८ नोव्हेंबर २०१४ ला, ओल्ड ट्रॅफर्डवर अर्जेंटिनाविरुद्ध, पोर्तुगालने ती १-० ने जिंकली. तेव्हा त्याला एकतीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. २०१६ च्या युरोत ग्रुपच्या तिन्ही मॅच तो बेंचवर होता, पेपेबरोबर ३८ वर्षांचा कार्वाल्यो खेळत होता आणि तिन्ही ड्रॉ झाल्या, हंगेरीने तर ३ गोल मारले. नॉकआउटला कोच फर्नांदो सांतोसने कार्वाल्योच्या जागी फोंतेला घातलं आणि तिथून डिफेन्सच बदलला. क्रोएशियाविरुद्ध १२० मिनिटं गोल नाही दिला, पोलंडविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला लेवांडोव्स्कीने एक मारला तेवढाच, पुढे शूटआउटमध्ये जिंकले, वेल्सविरुद्धच्या सेमीला पेपे जखमी होता तर ब्रुनो आल्व्हेसला सोबत घेऊन २-० काढली. म्हणजे फायनल धरून ४ मॅच, एकूण ४५० मिनिटं आणि एक गोल. फायनल १० जुलैला पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली, रोनाल्डो २५ व्या मिनिटाला रडत बाहेर गेला आणि त्यानंतर सगळी मॅच डिफेन्सनेच खेचली. फ्रान्सचे ग्रीझमन, जिरू, पायेत समोर आणि घरचे प्रेक्षकही त्यांचेच. शेवटाला जिन्याकचा शॉट पोस्टला लागला तेव्हा नशीबही होतं, ते मान्य केलंच पाहिजे. १०९ व्या मिनिटाला एडेरचा गोल झाला आणि तो लक्षात राहणारच, पण तोपर्यंत मॅच ०-० वर कोणी ठेवली हेही लक्षात ठेवायला हवं.

जानेवारी २०१७ मध्ये तो ८० लाख पौंडांना वेस्ट हॅमला गेला, तिथे दुखापतीमुळे जम बसला नाही, २०१८ च्या सुरुवातीला चीनच्या दालियान यीफांगकडे गेला. तिथूनच तो २०१८ च्या वर्ल्ड कपला गेला आणि पोर्तुगालच्या चारही मॅच खेळला.

जुलै २०१८ मध्ये लील. आदल्या सीझनला हा क्लब सतरावा येऊन कसाबसा वाचला होता, आणि चौतिशीतला फोंते आल्यावर क्रिस्तोफ गाल्तिएच्या हाताखाली टीम थेट दुसरी आली. इथेही तेच काम, आधी शेजारी गॅब्रिएल मगाल्यायस, तो आर्सेनलला गेल्यावर विशीतला स्वेन बोटमन. २०२०-२१ मध्ये लीलने ३८ मॅचमध्ये फक्त २३ गोल खाल्ले, गोलकीपर माइक मेन्यानच्या २१ क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेल्या मॅच) झाल्या. शेवटच्या दिवशी, २३ मे २०२१ ला, आँजेला २-१ ने हरवून त्यांनी ८३ पॉइंटवर लीग जिंकली. पॅरिस सां जर्मेनचे ८२, नेमार आणि एम्बाप्पे असून. माझ्या मते त्याच्या करियरमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, युरोपेक्षाही मोठी, कारण सात मॅचची टुर्नामेंट फॉर्मवर निघते, ३८ मॅचचा डिफेन्स रोज उभा करावा लागतो. ऑगस्टमध्ये पॅरिसलाच १-० ने हरवून ट्रॉफी दे शांपियाँही, म्हणजे फ्रान्सचा सुपर कपही घेतला.

त्याआधी २०१९ ची पहिली नेशन्स लीग, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, हीही त्याच्या नावावर आहे. सेमीला पेपेच्या खांद्याला लागलं म्हणून पोर्तोत नेदरलँड्सविरुद्ध फायनलला रुबेन दियासबरोबर तो खेळला आणि १-० ने जिंकले. देशाकडून एकूण ५० मॅच आणि १ गोल, तो २०२१ मध्ये कतारविरुद्ध फ्रेंडलीत. २०२२ मध्ये तो पोर्तुगालला परतला, ब्रागाकडून चॅम्पियन्स लीग खेळला आणि जानेवारी २०२४ मध्ये लीग कप जिंकला. त्या वर्षीच, चाळिशीत, त्याने लिस्बनच्या कासा पियाशी करार केला. धाकटा भाऊ रुई फोंतेही व्यावसायिक फुटबॉलपटू, तो मात्र स्ट्रायकर.