टिंटर्नची गोल वाट कशी घडली

वेल्समधल्या टिंटर्न गावातून निघून वाय नदी ओलांडायची, पलीकडच्या जंगलातून कड्यावरच्या डेव्हिल्स पल्पिट या खडकाला चढायचे, ब्रॉकवेअर गावात उतरायचे आणि जुन्या रेल्वे स्थानकावरून पुन्हा टिंटर्नला यायचे. फेरी साधारण ९-१० किलोमीटरची आहे. चढण दीड-दोनशे मीटरची, पण ती जवळजवळ एकाच टप्प्यात येते. थांबत गेले तरी चार तास पुरतात. नदी हीच वेल्स आणि इंग्लंडची सीमा असल्याने निम्मी वाट इंग्लंडमध्ये पडते. चढताना दोन्ही बाजूंना दिसणारे घनदाट रान पाहून हा भाग माणसाने कधी हात न लावलेला वाटतो. हा समज साफ चुकीचा आहे. इथली जवळपास प्रत्येक पायवाट कुणाच्या तरी कामासाठी पडलेली आहे.

सुरुवात ११३१ सालची. वॉल्टर द क्लेअर या सरदाराने इथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ स्थापन केला. वेल्समधला हा त्या पंथाचा पहिला मठ. वस्तीपासून दूर राहायचे आणि स्वतःच्या श्रमावर जगायचे, हा या साधूंचा नेम. त्यासाठी मठाची शेते लांबलांब पसरली होती, त्यांतली काही नदीपलीकडे ब्रॉकवेअर आणि वूलास्टनला. शेतांवर राबणारे मठाचे बंधू (श्रमाची कामे करणारे साधू) धान्य आणि लोकर घेऊन मठाकडे ये-जा करत. नदीकाठी मठाच्या धक्क्याकडे जाणारी कमान आजही उभी आहे. छप्पर नसलेले जे भव्य चर्च आपण पाहतो, ते १२६९ ते १३०१ च्या दरम्यान नव्याने बांधलेले. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला आणि छपराचे शिसे उतरवून विकले गेले. शिसे गेले की लाकूड भिजते आणि छप्पर कोसळते, चर्च उघडे पडण्याचे कारण इतके साधे आहे.

इतिहासाच्या फलकांवर मठाला मोठी जागा मिळते, पण वाटांच्या दृष्टीने महत्त्वाचे घडले ते त्यानंतर तीस वर्षांनी. १५६६ च्या सुमारास विल्यम हम्फ्री आणि सॅक्सनीहून आलेला कारागीर क्रिस्टोफर शुट्झ यांनी इथे पितळ आणि तार बनवण्याचा उद्योग मांडला. जागा नेमकी निवडली होती. टिंटर्नपाशी वायला मिळणारा अँगिडी ओढा अरुंद खोऱ्यातून वेगाने उतरतो, त्यामुळे थोड्या अंतरात एकाखाली एक बांध घालून पाणचाके फिरवता येत. भोवती जळणाचे रान होते आणि भरतीच्या पाण्यावर होड्या थेट गावापर्यंत येत. पितळेचा बेत मागे पडला, लोखंडी तारेने मात्र जम बसवला.

तार ओढायची म्हणजे लोखंडाची सळई एकापेक्षा एक लहान छिद्रांतून खेचत न्यायची. दर काही ओढींनंतर लोखंड ताठर होते. ते पुन्हा तापवून मऊ केले नाही, तर तार तुटते. दगडी कोळशातले गंधक लोखंडाला ठिसूळ करते, म्हणून कच्चा माल लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशावरच वितळवावा लागे. या तारेपासून लोकर पिंजायच्या फण्या, टाचण्या, खिळे बनत. इंग्लंडच्या लोकर धंद्याचे एक टोक असे या दरीत अडकलेले होते.

लोणारी कोळशाने जंगल घडवले. झाड बुंध्याशी तोडायचे, खुंटाला फुटलेले धुमारे पंधरा-वीस वर्षे वाढू द्यायचे आणि पुन्हा तोडायचे, असे चक्र इथे शतकानुशतके चालले. ओकची साल कातडी कमावण्यासाठी चेपस्टो बंदरातून बाहेर जाई. अँगिडीच्या खोऱ्यात किंवा पल्पिटच्या चढावर एकाच खुंटातून चार-पाच खोडे वर गेलेली दिसली, की ती जुनी तोड समजावी. चढावर मध्येच पाच-सहा पावलांची सपाट, गोलसर जागा लागली आणि तिथली माती पायाने उकरल्यावर काळी निघाली, तर तिथे कोळशाची भट्टी लागत असे. भट्ट्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा उतारावर आडव्या आणि सौम्य चढाच्या असतात, कारण त्या लादलेल्या जनावरांसाठी होत्या. थेट वर चढणाऱ्या वाटा बहुधा नंतरच्या.

मौज म्हणून इथे चालायची कल्पना अठराव्या शतकातली. चेपस्टोजवळच्या पिअर्सफील्ड इस्टेटीत व्हॅलेंटाइन मॉरिसने १७५० च्या दशकात कड्याच्या कडेने वाटा आणि ठरवून दिलेली प्रेक्षणस्थळे आखली. पैसा अँटिग्वामधल्या उसाच्या मळ्यांतला, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा. १७७० मध्ये निसर्गाकडे चित्रासारखे पाहणारा पाद्री विल्यम गिल्पिन होडीतून वाय उतरला. १७८२ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून आले आणि ही सहल फॅशन झाली. मठाचे त्रिकोणी भिंतमाथे त्याला फारच रेखीव वाटले, हातोड्याने थोडे फोडले तर चित्र सुधारेल असे त्याने सुचवले! जवळच्या लोखंडी कारखान्यांचीही त्याने नोंद केली आहे. १७९३ नंतर फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन ब्रिटिश प्रवाशांना युरोप बंद झाला, तशी इथली गर्दी वाढली. १८२८ मध्ये विंडक्लिफच्या कड्यावर ३६५ पायऱ्यांची वाट बांधली गेली, ती खास प्रवाशांसाठी.

रेल्वे आली १८७६ मध्ये, चेपस्टो ते मनमथ. मुख्य मार्ग नदीपलीकडून गेला म्हणून तारेच्या कारखान्यासाठी वेगळा फाटा आणि लोखंडी पूल बांधला गेला. धंद्याला तेव्हा उतरती कळा लागली होती, पुलाचा खर्च कधीच भरून निघाला नाही. आज आपण नदी ओलांडतो तो हाच वायरवर्क्स पूल. मुख्य मार्गावरची प्रवासी वाहतूक जानेवारी १९५९ मध्ये थांबली.

कड्यावरची वाट मात्र या सर्वांहून जुन्या गोष्टीला धरून जाते. मध्य इंग्लंडमधल्या मर्शिया या जुन्या राज्याचा राजा ऑफा (राज्यकाळ ७५७ ते ७९६) याच्या नावाचा मातीचा बांध, पश्चिमेला खंदक ठेवून, कड्याच्या माथ्याने जातो. त्याला धरून आखलेला २८५ किलोमीटरचा ऑफाज डाइक पाथ जुलै १९७१ मध्ये खुला झाला. त्याची खूण ओकचे फळ. बांधाच्या माथ्यावरून चालू नये, माती ढासळते. डेव्हिल्स पल्पिट म्हणजे कड्यापासून सुटा झालेला चुनखडकाचा खांब. सैतान इथून प्रवचन देऊन खालच्या साधूंना भुलवू पाहत होता, अशी दंतकथा.

खासगी जमिनीतून बिनदिक्कत चालता येते, त्याचे श्रेय १९४९ च्या कायद्याला. त्यानुसार परगणा कौन्सिलांना सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करावे लागले. नकाशावर आलेली वाट जमीन विकली तरी टिकते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या ओएल १४ या नकाशावर अशा वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवल्या आहेत. काळी तुटक रेषा म्हणजे केवळ वाट आहे, हक्क असेलच असे नाही. इथे फसणारे बहुतेक जण लाकूडतोडीच्या रुंद, चांगल्या दिसणाऱ्या रस्त्याला लागून फसतात. जागेवर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडे आणि सायकलींसाठीही.

ब्रॉकवेअरला उतरताना ओली पाने आणि गुळगुळीत चुनखडक घात करतात. काठी असू द्यावी. नदीत उतरू नये. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बिग्सवेअरपर्यंत भरती चढते, ओहोटीला उघडी पडणारी चिखलवट घट्ट दिसते पण पाय धरून ठेवते. ब्रॉकवेअर या भरतीवरच मोठे झाले. समुद्रातून येणारे गलबत इथवर येई आणि पुढे माल सपाट बुडाच्या होड्यांत चढे.

परतताना जुन्या स्थानकावर थांबता येते. वायरवर्क्स पुलापलीकडून दुसरीकडे वळले तर जुन्या रेल्वेमार्गाची नवी वाट आणि एक किलोमीटरहून लांब टिडनम बोगदा लागतो. २०२१ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी उघडला. ऑक्टोबर ते मार्च तो बंद असतो, तेव्हा त्यात वटवाघळे झोपलेली असतात.