लगक्रम

लगक्रम : पद्याच्या चरणातील लघू (ल) व गुरू (गा) अक्षरांचा क्रम. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, एक मात्रेचे; दीर्घ स्वराचे गुरू, दोन मात्रांचे. तीन-तीन अक्षरांचे आठ गण ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रातून मिळतात. ही मोजणी पिंगल या प्राचीन छंदःशास्त्रकाराच्या छंदःसूत्रांपर्यंत मागे नेतात. त्यांचा काळ बहुधा इ. स. पू. तिसरे-दुसरे शतक मानला जातो, पण तो निश्चित नाही.

वाद आहे तो जोडाक्षराचा. संस्कृत नियमाने जोडाक्षरामागचा लघू गुरू होतो. मराठीत मागच्या अक्षरावर आघात (उच्चारात जोर) आला तरच तो गुरू धरावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते; ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांतील पहिले अक्षर लघूच राहते.  समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात (ल गा गा चार वेळा, १२ अक्षरे) आहेत. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ यात ‘स’ आणि ‘भ’ आघाताने गुरू होतात. त्याच श्लोकातील ‘सर्व सोडूनि द्यावे’ मध्ये मात्र ‘द्या’ पुढे असूनही ‘नि’ लघूच. येथे संस्कृत नियम लावला तर चरणच मोडतो.

नाशिकचे कुसुमाग्रज यांच्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ (विशाखा, १९४२) या कवितेत हीच चाल आहे. ‘तुझ्या’तील ‘तु’ तेथेही लघू. विषम चरण १२ अक्षरांचे, सम चरण ११ अक्षरांचे. शेवटचा गुरू गाळून ती जागा विरामाने भरली आहे, म्हणून याला वृत्तदोष समजू नये. यमक सम चरणांत जुळते (वंचना–याचना). मनाच्या श्लोकात ते बहुधा लागोपाठच्या दोन-दोन चरणांत असते.

मोजताना आधी चरण मोठ्याने म्हणावा. अर्धे व्यंजन पुढच्या अक्षरात धरावे, अक्षराखाली खूण करावी आणि निदान चार चरण मोजल्याशिवाय वृत्त ठरवू नये. चरणान्तीचा लघू गरजेनुसार गुरू धरतात. फसगत बहुतेक वेळा छापील पाठामुळे होते: ‘प्रीतिची’चे ‘प्रीतीची’ केले की एक मात्रा वाढते आणि दोष कवीच्या माथी येतो. अशा ठिकाणी जुनी आवृत्ती पाहावी.

अभंग व ओवी यांना लगक्रम लागत नाही. तेथे अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगाचे खंड ६, ६, ६, ४ अक्षरांचे. जात्यावरच्या ओवीत ही संख्याही लवचीक असते, कमी पडलेले अक्षर गळा लांबवून भरतो.